कुलपाचे नियम लिहून ठेवणारा माणूस : एड्सखर डाइकस्ट्रा

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी आणि तत्त्वज्ञान हे माझे विषय. तेव्हा संगणकशास्त्रातल्या एका डच प्राध्यापकाचे चरित्र मी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर गेल्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी मी घातलेल्या हेलपाट्यांत आहे.

त्या वेळी मी प्रथम वर्षाला होते. माझी एक मैत्रीण भोर तालुक्यातून माझ्याबरोबरच पुण्याला आली होती. दोघींच्याही घरातून कॉलेजची पायरी चढणाऱ्या आम्हीच पहिल्या. एका कचेरीत (तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही) आमचे दोन खिडक्यांशी काम होते. पहिल्या खिडकीवर सांगत, की दुसऱ्या खिडकीचा शिक्का आणा, मग अर्ज घेऊ. दुसऱ्या खिडकीवर सांगत, की अर्ज घेतल्याची पोच दाखवा, मग शिक्का देऊ. दोघेही आपापल्या नियमाने बरोबरच होते. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी उद्धट बोलले नाही. तरी तीन आठवडे आमचे काम तसूभर पुढे सरकले नाही. अखेर एका शिपाईकाकांना दया आली. त्यांनी सांगितले, की आधी आतल्या टेबलावरच्या वहीत नाव घालून क्रमांक घ्यायचा असतो. तो असला म्हणजे दोन्ही खिडक्यांवर काम होते. हा क्रम कोणत्याही भिंतीवर लिहिलेला नव्हता. ज्यांना ठाऊक होता त्यांना तो इतका ठाऊक होता, की कोणाला सांगावा असे त्यांना वाटतच नव्हते. माझे काम झाले. मैत्रीण मात्र दुसऱ्या आठवड्यातच हात टेकून गावी गेली होती. ती परत आली नाही.

दिवाळीत मी ही हकीकत माझ्या मावसभावाला सांगितली. दादा हिंजवडीला एका कंपनीत आहे आणि संगणकाच्या अगदी गाभ्यातल्या प्रणालीवर, जिला कर्नल म्हणतात, तिच्यावर काम करतो. मला वाटले तो हसेल. तो हसला नाही. आमच्याकडे याला डेडलॉक म्हणतात, एवढेच म्हणाला, आणि साठ वर्षांपूर्वी या कोंडीचे शास्त्र मांडणाऱ्या माणसाचे नाव त्याने मला सांगितले. त्या नावामागे मी गेले चार महिने आहे.

एड्सखर वाइब डाइकस्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, तेथल्या रसायनशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. आई गणिती. तिने कधी नोकरी केली नाही, पण मुलावर खरा संस्कार झाला तो तिचा. गणिताचे उत्तर चारपाच ओळींच्या पुढे लांबू लागले, तर आपण वाट चुकलो असे समजावे, ही शिकवण तिची. मुलाच्या मनात प्रथम कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे असे होते. पुढे विज्ञानाकडे ओढा वळला आणि लायडन विद्यापीठात ते पदार्थविज्ञान शिकू लागले. १९५१ साली केंब्रिजला प्रोग्रॅम लिहिण्याचा एक उन्हाळी वर्ग भरला. त्याला ते गेले आणि जीवनाची दिशा बदलली. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात आड्रियान व्हान वाइनगार्डन यांच्या हाताखाली त्यांनी अर्धवेळ काम धरले.

तेव्हा प्रोग्रॅम लिहिणे हा व्यवसाय आहे असे कोणी मानीत नसे. डाइकस्ट्रांनाही शंका होतीच, की ज्या कामामागे शास्त्र नाही त्यात आयुष्य घालवावे काय? व्हान वाइनगार्डन यांनी त्यांना समजावले, की संगणक आता राहणार आहेत, आणि ज्यामागे शास्त्र नाही त्यामागे ते उभे करण्याचे काम तूही करू शकशील. हे त्यांना पटले. १९५७ साली रिया डेबेट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहनोंदणीच्या कागदावर व्यवसाय लिहायचा होता. त्यांनी प्रोग्रॅमर असे लिहिले. अधिकाऱ्यांनी असा धंदाच नसल्याचे सांगून ते नाकारले. शेवटी कागदावर पदार्थविज्ञानवेत्ता अशी नोंद झाली. कोणत्या रकान्यात आपण बसतो हे न समजणाऱ्या माणसाबद्दल मला येथेच आपुलकी वाटू लागली.

त्याच सुमारास, १९५६ साली, वाग्दत्त वधूबरोबर बाजारहाट करून थकल्यावर ते एका कॉफीगृहात बसले असताना, कागदपेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत त्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याची सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत मनातल्या मनात रचली. १९५९ साली ती छापून आली. आज भ्रमणध्वनीवरचा नकाशा स्वारगेटहून विद्यापीठाची वाट दाखवतो, त्यामागच्या शास्त्राचा पाया ही रीत आहे. जगात त्यांचे नाव झाले ते मुख्यतः यामुळे. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच कामाविषयी.

अ‍ॅमस्टरडॅमला एक्स-१ नावाचे नवे यंत्र तयार होत होते. त्यात एक सोय अशी होती, की यंत्र आपले गणित करीत असता बाहेरचे एखादे उपकरण मधेच त्याला थांबवून आपले काम पुढे करू शके. हे थांबवणे कोणत्याही दोन आज्ञांच्या मधे होऊ शकत असल्याने डाइकस्ट्रांना प्रथम त्याची धास्तीच वाटली. एखादी चूक शंभर वेळा होणार नाही आणि एकशे एकाव्या वेळी होईल. पुन्हा तेच करून पाहावे तर ती दिसणारही नाही! अशी चूक यंत्र चालवून शोधता येत नाही. ती होणारच नाही असे आधी विचाराने सिद्ध करावे लागते. या यंत्राशी संपर्क कसा राखावा याच विषयावर त्यांनी १९५९ साली डॉक्टरेट मिळवली. पाठोपाठ १९६० मध्ये याप झोनेव्हेल्ड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी अल्गोल भाषेचा अनुवादक प्रोग्रॅम पुरा केला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही, असा पण दोघांनी केला होता. डाइकस्ट्रांची दाढी पुढे जन्मभर राहिली.

१९६२ साली ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्या कामाचा गाभा तेथे आकाराला आला. तो समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. समजा पतपेढीतल्या एका खात्यात ५०० रुपये आहेत. दोन कारकून एकाच वेळी तीच वही पाहतात. दोघेही ५०० वाचतात. एकजण १०० जमा धरून ६०० लिहितो. दुसरा २०० जमा धरून ७०० लिहितो आणि पहिल्याचा आकडा पुसला जातो. व्हायला हवे होते ८००. शंभर रुपये कोणी चोरले नाहीत, बेरीज कोणाची चुकली नाही, तरी ते गेले. संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात आणि स्मृतीच्या वाटपाची वही सर्वांची एकच असते. कोणती जागा कोणाला दिली, कोणती मोकळी आहे, हे त्या वहीत असते. तेथे असा घोटाळा झाला, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या माहितीवर लिहिली जाईल आणि सारे यंत्र कोलमडेल. म्हणून वहीला कुलूप हवे. एक जण आत असता दुसऱ्याने दाराशी थांबायचे.

बोलायला सोपे; पण कुलूप आहे की नाही हे पाहणे आणि ते लावणे याही दोन क्रिया झाल्या. दोघांनी एकाच क्षणी पाहिले तर? दोघांपुरते हे कोडे डेकर या डच गणितज्ञाने सोडवले होते. कितीही जण असले तरी चालेल असा उलगडा डाइकस्ट्रांनी १९६५ साली प्रसिद्ध केला. तो एका छापील पानात मावला. आईचा धडा ते विसरले नव्हते.

मग त्यांनी याहून सुटसुटीत साधन दिले. त्याचे नाव त्यांनी रेल्वेवरून घेतले : सेमाफोर, म्हणजे हात वरखाली होणारा खांबावरचा सिग्नल. सेमाफोर हा एक आकडा असतो, आणि त्यावर दोनच क्रिया करता येतात. एकीने आकडा कमी होतो. आत जागा नसेल तर येणारा बाहेर झोपून राहतो. दुसरीने आकडा वाढतो आणि झोपलेल्यांपैकी एक जागा होतो. एकेरी लोहमार्गावरचा टोकनचा गोळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. ज्या गाडीच्या ड्रायव्हरकडे गोळा, तीच गाडी पुढच्या स्टेशनपर्यंत जाणार. आणि तो बाहेर असेपर्यंत दोन्ही स्टेशनांच्या यंत्रांतून दुसरा गोळा निघतच नाही. दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत, त्या ड्रायव्हर शहाणे असतात म्हणून नव्हे, तर नियमच तसा बांधलेला असतो म्हणून.

पण कुलपे आली की माझी दोन खिडक्यांची कोंडीही आली. डाइकस्ट्रांनी ती १९६५ साली विद्यार्थ्यांपुढे परीक्षेतले कोडे म्हणून ठेवली. पुढे ती पाच तत्त्वज्ञांची गोष्ट म्हणून प्रसिद्ध झाली. एका गोल मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत. प्रत्येकापुढे ताटली आणि दोन ताटल्यांच्या मधे एकेक काटा. खाणे असे निसरडे, की दोन काटे लागतात. प्रत्येकाने आधी डावीकडचा काटा उचलला, तर उजवीकडचा कोणालाच मिळणार नाही. सारे आपापला काटा हातात धरून उपाशी बसतील, आणि आपला काटा खाली ठेवावा असे कोणालाच वाटणार नाही. कारण चूक कोणाचीच नाही! यातून सुटण्याचा एक मार्ग असा : काट्यांना एक ते पाच क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाने आपल्या दोन काट्यांपैकी लहान क्रमांकाचा आधी उचलावा. एवढ्याने कोंडी अशक्य होते. पाचवा तत्त्वज्ञ उलट्या बाजूने सुरुवात करतो आणि वर्तुळ तुटते. शिपाईकाकांनी आम्हाला सांगितले ते दुसरे काय होते? कशानंतर काय, हा क्रम.

या साऱ्याचा उपयोग त्यांनी स्वतः करून दाखवला. एक्स-८ या यंत्रासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संचालन प्रणाली रचली. काम करणारे जेमतेम सहा जण, तेही सरासरी निम्म्या वेळेचे. यंत्राची मुख्य स्मृती ३२ हजार शब्दांची. बाकी माहिती फिरत्या ढोलावर, म्हणजे ड्रमवर, ठेवायची. ग्रंथालयात पुस्तकाचा क्रमांक कायम असतो, ते कोणत्या कपाटात आहे हे बदलू शकते. तसेच त्यांनी माहितीचे नाव आणि तिची जागा यांची फारकत केली. सगळी प्रणाली मजल्यामजल्यांनी बांधली. सर्वांत खाली कोणता प्रोग्रॅम केव्हा चालेल याचा मजला, त्यावर स्मृतिव्यवस्थेचा, त्यावर यंत्रचालकाशी बोलण्याचा, अशा क्रमाने. वरच्याने खालच्यावर विसंबावे, खालच्याने वरच्यावर नाही. कोंडी होणार नाही हे त्यांनी आधी कागदावर सिद्ध केले, मग यंत्राला हात लावला. चाचणीत सापडल्या त्या केवळ किरकोळ लेखनचुका. १९६८ साली या प्रणालीचे वर्णन करणारा त्यांचा निबंध आला. प्रणाली चालली यापेक्षा ती का चालते हे त्यांनी लिहून ठेवले, म्हणूनच तिचा शब्द जगभर पोहोचला असे मला वाटते.

घरच्या मंडळींना मात्र त्याचे अप्रूप नव्हते. आइंडहोव्हनच्या गणित विभागाला हे गणित वाटले नाही आणि त्यांचा गट मोडला. डाइकस्ट्रा खचले, काही काळ ते उदासीनतेच्या आजारात होते. त्यातून वर येण्यासाठी त्यांनी एकच औषध घेतले : लिहिणे. प्रोग्रॅम शिस्तीने कसा रचावा यावर त्यांनी टिपणे लिहिली आणि थोड्या परिचितांना पाठवली. त्यांच्या प्रतींवरून प्रती निघाल्या आणि ती देशोदेशी गेली. १९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ही टिपणे म्हणजेच त्यांचे खरे जीवनकार्य. सुमारे चाळीस वर्षांत त्यांनी १३०० हून अधिक लिहिली. प्रत्येकावर आपल्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक. बहुतेक शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात. आधी मनात पुरता विचार व्हायचा, मग कागदावर. खाडाखोड जवळजवळ नाही. संगणकशास्त्राच्या या आचार्यांकडे कित्येक वर्षे स्वतःचा संगणक नव्हता. उतारवयात घेतला तो मुख्यतः पत्रव्यवहारापुरता. १९७३ पासून बरोज कंपनीचे संशोधक म्हणून ते न्यूनेन या खेड्यातल्या घरातून काम करीत. चित्रकार व्हान गॉग याचे काही दिवस जेथे गेले तेच हे खेडे. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, ते आइंडहोव्हनला जात. तेथे काही जण मिळून एखादा निबंध वाक्यावाक्याने वाचीत आणि त्यातला प्रत्येक शब्द तपासून पाहत. १९८४ साली ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ पर्यंत तेथे शिकवले, तेही खडू आणि फळा घेऊन.

त्यांचा स्वभाव गोड होता असे म्हणता येणार नाही. ढिसाळ काम दिसले की त्यांची लेखणी बोचे. पुष्कळ माणसे त्यामुळे दुखावली. आधी सिद्ध करा मग लिहा, हा त्यांचा आग्रह कारखानदारीत अव्यवहारी ठरवला गेला, आणि मोठमोठ्या प्रणालींबाबत तो पुरता पाळणे कोणाला जमलेलेही नाही. पण १९७५ च्या त्यांच्या एका टिपणातला विचार वाचून मी थबकले. चांगला प्रोग्रॅमर होण्यासाठी गणिती वृत्तीच्या जोडीला सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, तर आपल्या मातृभाषेवर उत्तम प्रभुत्व, असे त्यांचे मत होते. आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना अनेकदा विचारले जाते, की या शिक्षणाचा उपयोग काय? संगणकशास्त्राच्या एका आद्य आचार्याने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.

६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आता दादाच्या कामाकडे वळते. १९९१ साली लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स प्रणाली आज मोठ्या संगणकांपासून आपल्या हातातल्या भ्रमणध्वनीपर्यंत चालते. तिच्या गाभ्यात प्रत्येक प्रोग्रॅमच्या स्मृतीच्या नकाशावर एक मोठे कुलूप असते. त्या कुलपाच्या नावात सेमाफोरची आद्याक्षरे होती. २०२० साली ती जाऊन नुसते लॉक आले. एका कुलपापाशी फार गर्दी होऊ लागली म्हणून २०२३ साली स्मृतीच्या प्रत्येक विभागाला निराळे कुलूप देण्यात आले. वाड्याच्या दिंडीदरवाजाच्या कुलपाबरोबर खोलीखोलीलाही कुलूप यावे तसे. काम जलद झाले, पण नियम वाढले. दादाने मला पडद्यावर स्मृतिव्यवस्थेतला एक भाग उघडून दाखवला. त्याच्या माथ्यावर यंत्रासाठी एकही आज्ञा नव्हती. माणसांसाठी टीप होती. कोणते कुलूप आधी, कोणते नंतर, अशी नावे एकाखाली एक, प्रत्येक ओळ थोडी आत सरकवून, घाटाच्या पायऱ्यांसारखी लिहिलेली. ते तत्त्वज्ञांच्या काट्यांचेच क्रमांक होते.

ही टीप का लागते हे त्याने सांगितले. आज्ञांमध्ये कुलूप लावलेले दिसते. पण ते नेमके कशाचे रक्षण करते आणि कोणत्या कुलपानंतर ते लावायचे, हे आज्ञा वाचून उमगत नाही. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. त्यांच्या कंपनीतच एकदा यंत्र आठपंधरा दिवसांतून एकदा गोठू लागले. दोन महिने शोध चालला. निघाले ते एवढेच, की एका नव्या मुलाने दोन कुलपे उलट्या क्रमाने घेतली होती. क्रम ज्यांना ठाऊक होता ते गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. दुरुस्तीसाठी दोन ओळींची अदलाबदल पुरली. मग दादाने त्यावर अकरा ओळींची टीप लिहिली. तो म्हणतो, की त्याच्या वर्षभराच्या कामात त्या अकरा ओळी सर्वांत उपयोगाच्या आहेत. त्या मुलाला कोणी काही बोलले नाही हे ऐकून मला बरे वाटले. न लिहिलेला नियम मोडल्याचा दोष नव्या माणसावर कसा टाकायचा?

डाइकस्ट्रांच्या चरित्रातून मी एवढेच घेतले. पहिल्या पिढीतून येणाऱ्या आम्हा मुलामुलींची बुद्धी कमी पडते असे नाही. आधीच्या पिढ्या ज्या घरात शिकल्या तेथे जो क्रम जेवताना बोलण्यातून कळतो, तो आमच्या घरात कोणाला ठाऊक नसतो. आणि बाहेर तो कोठे लिहिलेला नसतो. या जानेवारीत मी शिष्यवृत्तीच्या अर्जाचा संपूर्ण क्रम एका कागदावर लिहून काढला : सात पायऱ्या, प्रत्येकीपुढे लागणारे कागद, आणि कशावाचून काय अडते ते. वसतिगृहातल्या मुलींनी त्याच्या झेरॉक्स प्रती काढल्या आहेत. दोघींनी त्यातली चौथी पायरी चुकल्याचे दाखवून दिले. ती मी दुरुस्त केली आहे.

एक प्रत मी भोरला पाठवली आहे. मैत्रिणीचे उत्तर अजून आलेले नाही. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात.

— द्वितीय वर्ष, कला